सात यार्डांतला डाव

१२ जानेवारी २०१३. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या बाद फेरीत सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स आणि ग्रीन बे पॅकर्स २४-२४ असे बरोबरीत अडकलेत. तिसरं सत्र चालू आहे. फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक चेंडू हातात घेतो, मागून धावत आलेल्या साथीदाराच्या पोटाशी नेतो आणि क्षणभर तिथेच धरून ठेवतो. पॅकर्सचा कडेचा बचावपटू त्या साथीदारावर झेपावतो, पण त्या साथीदाराकडे चेंडूच नसतो. चेंडू घेऊन केपर्निक कडेनं सुटलेला असतो. ५६ यार्ड तो पळतो आणि टचडाउन होईपर्यंत, म्हणजे शेवटची रेषा ओलांडून गुण मिळेपर्यंत, त्याच्या अंगाला कुणाचा हातही लागत नाही.

सामन्याच्या सुरुवातीलाच याच केपर्निकचा पास पॅकर्सनं मध्येच पकडून थेट टचडाउन केला होता. रात्र संपली तेव्हा त्याच्या नावावर १८१ यार्डांची धाव होती. क्वार्टरबॅकनं एका सामन्यात इतकं धावणं एनएफएलनं तोवर पाहिलं नव्हतं. फोर्टीनाइनर्स ४५-३१ असे जिंकले.

केपर्निक वेगवान होता, यात शंका नाही. पण एनएफएलमध्ये वेगवान माणसांना तोटा नाही, आणि त्यांना अडवणारेही तितकेच वेगवान असतात. पॅकर्सचा तो बचावपटू चुकला, कारण त्याला चुकायला लावण्याची सगळी तयारी चेंडू हलण्याआधीच झालेली होती. ती तयारी सात यार्डांत मावते. तिला पिस्टल ऑफेन्स म्हणतात. ती जन्मली नेवाडाच्या वाळवंटी प्रदेशातल्या रीनो या गावात, एका मध्यम कुवतीच्या विद्यापीठ संघात.

कोल्हापूरच्या वाचकाला ही गोष्ट सांगावीशी वाटते, त्याला कारण आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा खेळ. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांच्यासाठी पेठाच्या पेठा लोटतात. यातल्या कितीतरी संघांच्या नावात आजही ‘तालीम’ आहे. ज्या संस्थांनी मातीतली कुस्ती जोपासली, त्यांनीच इथला फुटबॉल वाढवला. त्यामुळे ताकदीपुढे डावानं उभं राहणं ही कोल्हापूरकरांना शिकवण्याची गोष्ट नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते बँटमवेट गटात. अंगानं लहान पैलवान मोठ्या जोडीला कसा चीत करतो, हे खासबागेत बसून पाहिलेल्या माणसाला पिस्टल ऑफेन्स समजायला फार वेळ लागणार नाही.

उभं राहण्याचे दोन जुने प्रकार

आधी खेळाची बांधणी पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात. मग मधला खेळाडू, म्हणजे सेंटर, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. याला स्नॅप म्हणतात. क्वार्टरबॅक एक तर तो लांब फेकतो किंवा रनिंग बॅकच्या, म्हणजे धावणाऱ्याच्या हातात देतो. बाकीचे साथीदार अंगानं वाट अडवून त्याला रस्ता मोकळा करून देतात.

स्नॅपच्या आधीचे ते काही क्षण फार मोलाचे. बचाव करणारे समोरची मांडणी वाचत असतात. धावणारा कुठे उभा आहे? क्वार्टरबॅक किती मागे आहे? यावरून चेंडू कुठे जाणार याचा अंदाज बांधतात, आणि चांगल्या संघांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो.

क्वार्टरबॅकनं उभं राहण्याच्या दोन रीती पूर्वापार होत्या. पहिली, सेंटरला अगदी चिकटून. या रीतीत धावणारा सात यार्ड मागे असतो. तो पळत येतो, वेग पकडतो आणि पूर्ण जोरात फळीवर आदळतो. तो डावीकडे जाणार की उजवीकडे, हे आधी कळत नाही. तोटा क्वार्टरबॅकचा. चेंडू देण्यासाठी त्याला मागे वळावं लागतं, मैदानाकडे पाठ होते आणि समोर काय घडतंय ते दिसत नाही.

दुसरी रीत शॉटगनची. १९६० मध्ये फोर्टीनाइनर्सचेच प्रशिक्षक रेड हिकी यांनी ती एनएफएलमध्ये आणली. यात क्वार्टरबॅक पाच ते सात यार्ड मागे उभा राहतो. सगळं मैदान डोळ्यांसमोर, पास फेकायला वेळही जास्त. पण धावणारा आता त्याच्या बाजूला येतो. उभ्या जागेवरून, आडवा सरकत त्याला चेंडू घ्यावा लागतो, म्हणून वेग मिळत नाही. शिवाय तो उजवीकडे उभा असेल तर बहुधा क्वार्टरबॅकच्या समोरून डावीकडे जाणार, हे बचावाला आधीच उमगतं.

म्हणजे एका रीतीत जोर मिळतो पण नजर जाते, दुसरीत नजर मिळते पण जोर जातो आणि बेतही उघडा पडतो. कित्येक वर्षं प्रशिक्षक यातलं एक निवडत आले, किंवा दोन्ही आलटून पालटून वापरत आले.

रीनोतला माणूस

ख्रिस ऑल्ट यांचं सगळं आयुष्य नेवाडा विद्यापीठाशी बांधलेलं. तरुणपणी ते तिथेच क्वार्टरबॅक होते. १९७६ मध्ये तिथेच प्रशिक्षक झाले, मध्ये दोनदा बाजूला झाले. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये २००२ साली त्यांचा समावेश झाला. एखाद्यानं इथे समाधानानं थांबावं. ऑल्ट २००४ मध्ये तिसऱ्यांदा प्रशिक्षक म्हणून परतले. त्या वर्षी संघानं पाच सामने जिंकले, सात हरले.

तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. संघ जुनाच, पैसा जुनाच. देशातले सर्वांत बलदंड खेळाडू टेक्सास, ओहायो, अलाबामा इथल्या बड्या विद्यापीठांत जाणार आणि रीनोला उरलेल्यांतून निवडावं लागणार, हेही जुनंच. ऑल्ट यांनी उभं राहण्याची जागा बदलली. क्वार्टरबॅक सेंटरपासून चार यार्ड मागे. धावणारा त्याच्या बाजूला नाही, बरोबर पाठीमागे, आणखी तीन यार्डांवर. शॉटगनपेक्षा अंतर कमी, म्हणून नाव पिस्टल.

हे अंतर आपल्या कुठल्याही मैदानावर चुन्यानं आखून पाहता येईल. रेघेवर चेंडू ठेवा. तिथून १२ फुटांवर एक खूण करा, तिथून पुढे ९ फुटांवर दुसरी. दोन्ही मिळून २१ फूट, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पहिल्या खुणेवर एक उंच मुलगा उभा करा, दुसऱ्या खुणेवर एक बुटका, चपळ मुलगा, आणि तुम्ही चेंडूच्या पलीकडे चार-पाच पावलांवर जाऊन किंचित वाका. मागचा मुलगा तुम्हाला धड दिसतच नाही. तो हलला हे कळतं, पण कुठल्या पायावर हलला हे कळायला उशीर होतो. केपर्निकची उंची सहा फूट चार इंच होती. त्याच्या आडून निघणारा माणूस दिसेपर्यंत बचावपटूचं एक पाऊल वाया गेलेलं असे.

अशा रीतीनं ऑल्ट यांनी दोन्ही जुन्या रीतींमधलं चांगलं ते घेतलं. क्वार्टरबॅकचं तोंड मैदानाकडे राहिलं. धावणाऱ्याला सात यार्डांची पळत येण्याची जागा परत मिळाली. आणि डावं-उजवं ओळखण्याची खूण पुसली गेली. २००५ मध्ये नेवाडानं नऊ सामने जिंकले, तीन हरले. वर्षअखेरीस हवाई बाउलमध्ये सेंट्रल फ्लोरिडाला जादा वेळेत ४९-४८ असं हरवलं.

ज्याला अडवायचं नाही तो माणूस

उभं राहण्याची जागा हा झाला पाया. पिस्टलला खरी धार आली ती त्यावर बसवलेल्या एका डावामुळे. त्याचं नाव झोन रीड. तो ऑल्ट यांनी शोधला नाही. त्याचं श्रेय साधारणपणे रिच रॉड्रिग्ज या प्रशिक्षकाला दिलं जातं. १९९०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात त्यांनी तो शॉटगनमधून बसवला होता.

यामागचं गणित सोपं आणि सुंदर आहे. चढाईत अकरा जण. एक चेंडू घेऊन धावतो, एक क्वार्टरबॅक चेंडू देऊन बाजूला होतो. वाट अडवायला उरले नऊ. समोर मात्र अकरा. दोन माणसं नेहमीच मोकळी. झोन रीडमध्ये चढाईचा संघ समोरच्या फळीतला कडेचा एक बचावपटू मुद्दाम सोडून देतो. त्याला कुणीही हात लावत नाही. तो बहुधा संघातला सर्वांत ताकदवान, सर्वांत महागडा खेळाडू असतो. त्याला अडवण्यात वाया जाणारा माणूस आता दुसरीकडे कामाला येतो.

आणि त्या सोडलेल्या बचावपटूला सांभाळतात क्वार्टरबॅकचे डोळे. स्नॅप होताच क्वार्टरबॅक चेंडू धावणाऱ्याच्या पोटाशी नेतो. नजर चेंडूवर नसते, धावणाऱ्यावरही नसते. ती असते त्या मोकळ्या बचावपटूच्या खांद्यांवर. तो आत वळून धावणाऱ्याकडे झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेतो आणि त्यानं सोडलेल्या जागेतून स्वतः पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू धावणाऱ्याच्या हातात सोडतो. बचावपटूनं काहीही ठरवलं तरी ते चूकच ठरतं. खडाखडीत कसलेला पैलवान समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आलंय हे बघतो आणि त्याच वजनाचा डाव करतो, तसंच हे.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो तो धावणारा. चेंडू पोटाशी आलाय, पण तो मिळणार की नाही हे त्याला ठाऊक नसतं. त्यानं हात घट्ट मिटले तर क्वार्टरबॅकला चेंडू काढता येत नाही आणि दोघांच्या ओढाताणीत तो जमिनीवर पडतो. हात सैल ठेवले तर मिळालेला चेंडू निसटतो. म्हणून हात हलकेच मिटायचे, दाब सुटला की आवळायचे, आणि चेंडू मिळो न मिळो, पूर्ण वेगानं फळीत घुसायचं. चेंडू नसताना त्यानं जरा जरी पाय आखडला तरी बचावाला कळतं. अंगावर दोन माणसं घेऊन रिकाम्या हातांनी पडणं हे त्याचं काम. आकडेवारीत त्याची नोंद होत नाही. डाव मात्र त्याच्यावर उभा असतो.

एकदा बचाव असा द्विधेत पडला की तिसरा रस्ता उघडतो. धावणाऱ्याला रोखायला मधली फळी पुढे सरकली, की तिच्या पाठीमागे जागा मोकळी होते. क्वार्टरबॅक देण्याचं सोंग करतो आणि त्या जागेत पास फेकतो. त्याचं तोंड आधीपासून मैदानाकडेच आहे, मान वळवण्यात वेळ जात नाही.

६७-६९ पासून ३४-३१ पर्यंत

हा डाव ज्याच्या हातात शोभला तो केपर्निक शाळेत असताना बेसबॉलचा पिचर म्हणून जास्त नावाजलेला होता. पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांपैकी फुटबॉलसाठी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या नेवाडानं. २००७ मध्ये पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला आणि केपर्निकला जागा मिळाली. सुरुवातीपासून खेळलेला त्याचा पहिला सामना होता बॉइझी स्टेटशी. चार जादा सत्रांनंतर नेवाडा तो ६७-६९ असा हरला.

२००९ मध्ये नेवाडानं दर सामन्यात सरासरी जवळपास ३४५ यार्ड धावून काढले आणि देशात पहिला क्रमांक मिळवला. त्या एकाच हंगामात केपर्निक, वाय टावा आणि ल्यूक लिपिनकॉट या तिघांनी प्रत्येकी हजाराहून जास्त यार्ड पूर्ण केले. एका संघातले तिघे हजारी, असं कॉलेज फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत त्याआधी झालेलं नव्हतं. चेंडू कुणाकडे जाणार हे बचावाला खरोखरच कळत नव्हतं, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

मग आली २६ नोव्हेंबर २०१०ची रात्र. तोच बॉइझी स्टेट, सलग २४ सामने जिंकून आलेला. मध्यंतराला नेवाडा ७-२४ असा मागे. दुसऱ्या अर्ध्यात नेवाडानं धावण्यावरचा विश्वास सोडला नाही. एवढा फरक असताना कुणीही पास फेकत सुटलं असतं. रीनोची मुलं चेंडू पोटाशी नेत राहिली आणि यार्डामागून यार्ड घेत राहिली. शेवटची १३ सेकंदं उरली असताना ३१-३१ बरोबरी झाली, आणि जादा वेळेत पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या एका मुलानं ३४ यार्डांवरून किक मारून सामना ३४-३१ असा जिंकून दिला. त्या वर्षी नेवाडानं १३ सामने जिंकले आणि एकच गमावला.

उतारा आणि पुढचा डाव

२०१२ मध्ये हा डाव एनएफएलमध्ये गाजला. वॉशिंग्टनच्या संघात नवखा रॉबर्ट ग्रिफिन आणि सहाव्या फेरीत निवडलेला धावणारा आल्फ्रेड मॉरिस यांनी तो वापरला. मॉरिसनं पहिल्याच हंगामात १६१३ यार्ड काढले. सॅन फ्रान्सिस्कोत क्वार्टरबॅक अ‍ॅलेक्स स्मिथ जखमी झाल्यावर केपर्निक आला आणि संघाला सुपर बाउल या अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेला. तिथे बाल्टिमोर रेव्हन्सकडून ३१-३४ असा निसटता पराभव झाला. जगाला केपर्निक आठवतो तो २०१६ मध्ये वांशिक अन्यायाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणारा खेळाडू म्हणून. ते आठवणं योग्यच आहे. पण त्याआधी त्यानं खेळाची भाषाही बदलली होती, हे विसरू नये.

बचाव करणारेही गप्प बसले नाहीत. त्यांनी अदलाबदल शोधली. मोकळा सोडलेला बचावपटू मुद्दाम आत झेपावतो, क्वार्टरबॅक खूश होऊन चेंडू ओढतो आणि बाहेर पळतो, तर तिथे मागून वळसा घालून आलेला लाइनबॅकर, म्हणजे दुसऱ्या ओळीतला बचावपटू, उभा. दुसरा उपाय रांगडा होता. चेंडू असो नसो, क्वार्टरबॅकला प्रत्येक वेळी आडवं करायचं. धावायला निघालेल्या क्वार्टरबॅकला पास फेकताना मिळणारं नियमांचं खास संरक्षण राहत नाही, आणि एनएफएलमध्ये त्याच्या एका गुडघ्यावर अख्खा हंगाम अवलंबून असतो. पिस्टलची स्वतःची उणीवही आहे. सात यार्ड मागे उभा असलेला धावणारा पासच्या वेळी क्वार्टरबॅकच्या मदतीला धावेपर्यंत उशीर होतो.

तरीही डाव मेला नाही. २०१९ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनं लमार जॅक्सनला घेऊन तो पुन्हा मांडला. चढाई आखणारे होते ग्रेग रोमन, २०१२ मध्ये केपर्निकच्या संघाची चढाई आखणारेच. रेव्हन्सनं त्या हंगामात ३२९६ यार्ड धावून एनएफएलचा सांघिक विक्रम केला. जॅक्सननं एकट्यानं १२०६ यार्ड काढले, तोही क्वार्टरबॅकचा विक्रम. रीनोत आखलेल्या दोन खुणा चौदा वर्षांनी देशातल्या सर्वांत धनाढ्य लीगचे विक्रम मोडत होत्या.

आपल्या मातीत

हा खेळ महाराष्ट्रात रुजवायचा एक प्रयत्न झाला आहे. २०११ मध्ये इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. पाठीशी कर्ट वॉर्नर, माइक डिटका यांच्यासारखी अमेरिकन फुटबॉलमधली मोठी नावं होती. मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज हे आपल्याकडचे दोन संघ. लीगचा गाजावाजा झाला तेवढी ती टिकली नाही. हेल्मेट आणि खांद्यांच्या पॅडचा खर्च एका खेळाडूमागेच इतका, की तालीम मंडळाच्या वर्गणीतून तो खेळ चालवणं अवघड.

पण दुसरं दार उघडलं, तेही मुंबईत. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आलं, म्हणून आपण आनंद केला. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होतं. पाच-पाच जणांचे संघ, पुरुषांचे आणि महिलांचेही. अंगाला भिडायचं नाही. कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की तो प्रयत्न तिथेच संपतो. ना हेल्मेट, ना पॅड. अंगानं वाट अडवायला परवानगी नसल्यामुळे ताकदीचा भाग जवळजवळ संपतो आणि फसवणं, दाखवणं, लपवणं हेच उरतं. क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन रेषा ओलांडता येत नाही, म्हणून केपर्निकची ती ५६ यार्डांची धाव इथे जमणार नाही. चेंडू पोटाशी नेणं, देण्याचं सोंग करणं आणि समोरच्याला आधी पाऊल टाकायला लावणं, हे मात्र जसंच्या तसं चालतं.

मला कोल्हापूरच्या मुलामुलींनी हा खेळ हाती घ्यावासा वाटतो. आपल्याकडे मैदानं आहेत, पेठांची ईर्ष्या आहे, सकाळी उठून घाम गाळायची रीत आहे, आणि डाव ओळखणारा प्रेक्षक आहे. त्याहूनही मोठी इच्छा आहे ती आपल्या नेहमीच्या फुटबॉलबद्दल. सामना संपल्यावर आपण गोल कुणी केला, पंच कुठे चुकला यावर रात्रभर बोलतो. मांडणी कुणी बदलली, मधल्या फळीतला कुठला मुलगा दोन पावलं मागे सरकला आणि त्यामुळे गोलाची वाट कशी मोकळी झाली, हे कुणी लिहून ठेवत नाही. शाहू स्टेडियमवर असे डाव झाले नसतील असं मी मानत नाही. ते पाहणारे डोळे होते, वही नव्हती.

ऑल्ट यांच्याकडे नवा पैसा नव्हता, नवं स्टेडियम नव्हतं, देशभरातून निवडलेली पोरं नव्हती. होतं ते इतकंच, की वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी एक प्रश्न मनावर घेतला, अंतर मोजलं आणि संघाकडून ते रोज घोटून घेतलं. लहान गावच्या संघानं आधी मोठं व्हावं आणि मग विचार करावा, हा क्रम रीनोनं उलटा करून दाखवला. आपल्या तालीम मंडळांच्या प्रशिक्षकांना तसा विचार करायला वेळ द्या, हंगामाच्या मध्येच त्यांना बदलू नका, आणि एखाद्या नव्या मांडणीला दोन सामन्यांत हार आली म्हणून ती मोडून टाकू नका. डाव बसायला वेळ लागतो. बसला की मात्र तो खेळाडूंच्या वजनावर आणि संघाच्या तिजोरीवर अवलंबून राहत नाही.